संधिवाताच्या रुग्णाला धाप लागते तेव्हा

१७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या सरफोजी राजांनी नेत्ररोग्यांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह तयार करविली होती. त्यांपैकी काही तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही पाहावयास मिळतात. दुखण्याचा क्रम लिहून ठेवण्याची ही राजसवय सामान्य कुटुंबालाही किती उपकारक ठरते, ते एका उदाहरणावरून पाहू.

स्क्लेरोडर्मा, ल्यूपस यांसारखे विकार वरवर केवळ त्वचेचे वा सांध्यांचे वाटतात. तथापि त्यांत शरीराची संरक्षकशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली असते. काही रुग्णांत हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. मग तेथील दाब वाढतो आणि त्याविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाचा उजवा भाग दमून जातो. हाच फुफ्फुसीय रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब या वेळी अगदी प्राकृत असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

आरंभीची लक्षणे फसवी असतात. जिना चढताना धाप लागते, लवकर थकवा येतो. पुढे पावलांवर सूज येते, क्वचित घेरीही येते. घरातील माणसे म्हणतात, "वय झाले", "रक्त कमी आहे". गृहिणी स्वतःही तेच म्हणते आणि मोलाचे महिने निघून जातात. गार पाण्यात हात घालताच बोटे पांढरी, मग निळी पडत असतील, तर तेही वैद्यांना अवश्य सांगावे.

स्क्लेरोडर्माच्या रुग्णाने धाप नसली तरी दरवर्षी हृदयाची ध्वनिलहरी-तपासणी, म्हणजे इकोकार्डिओग्राम, करून घेणे इष्ट. निदानाची खात्री मात्र हृदयात बारीक नळी घालून दाब मोजल्यानेच होते. ही नळी जर्मन डॉक्टर फोर्समान यांनी १९२९ मध्ये प्रथम स्वतःच्याच हृदयापर्यंत नेली होती. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात ते सहभागी झाले. या विकारावर आज सिल्डेनाफिल, बोसेंटान यांसारखी औषधे आहेत. ती रोग समूळ घालवीत नाहीत, पण वेळीच सुरू केल्यास त्याची गती मंदावते. गर्भारपण या विकारात जिवावर बेतू शकते. म्हणून विवाहित स्त्रियांनी त्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

तेव्हा घरी एक वही घालावी. गेल्या महिन्यात किती पायऱ्या न थांबता चढता आल्या आणि या महिन्यात किती, एवढेच तीत लिहावे. आकडा उतरू लागला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.