तक्रार दाबणाराही हल्लेखोरच

फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरनं ऑक्टोबर २०२५ मध्ये आयुष्य संपवलं. जाण्याआधी तळहातावर तिनं दोघांची नावं लिहिली. त्यातला एक पोलीस उपनिरीक्षक, आणि त्याच्यावरचा आरोप बलात्काराचा. मग सगळी यंत्रणा हलली. अटक झाली, निलंबन झालं, विशेष तपास पथक नेमलं गेलं. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण त्या वर्षीच्या जूनमध्येच तिनं पोलीस उपअधीक्षकांकडे लेखी तक्रार केली होती. अटकेतल्या आरोपींच्या वैद्यकीय तपासणीवरून पोलीस दबाव आणतात, असं तिचं म्हणणं होतं. त्या तक्रारीचं पुढं काय झालं, हे विचारायला तिला माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागल्याच्याही बातम्या आल्या. माझा संताप जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांवर आहे.

हा दबाव कशासाठी असतो, ते समजून घ्या. अटक झालेल्या माणसाची तपासणी सरकारी डॉक्टरनं करायची, अंगावर मार असेल तर तो कागदावर नोंदवायचा, असं कायदा सांगतो. रात्री एक-दीडला पोलिसांची गाडी दारात लागते. कॅज्युअल्टीत डॉक्टर एकटी, सोबत एक सिस्टर आणि एक शिपाई. आरोपीच्या पाठीवर वळ दिसतात. 'मॅडम, फिट लिहा, सकाळी कोर्टात हजर करायचंय,' असं खाकीतला माणूस टेबलावर हात टेकून सांगतो. ती सही म्हणजे कोठडीतल्या माणसाच्या जिवाची एकमेव हमी. ही हमी किती मोलाची, हे सांगलीला कुणी शिकवायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात चोरीच्या गुन्ह्यातला एक तरुण कोठडीत मेला, त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला, आणि खुनाचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. म्हणून डॉक्टरच्या सहीवर दबाव आणणं म्हणजे दोघांवर हिंसा: सही करणारीवर आणि त्या सहीच्या भरवशावर कोठडीत जाणाऱ्या माणसावर.

कायदे आहेत. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रानं २०१० मध्ये वेगळा कायदा केला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्या कायद्यासमोर हल्लेखोर म्हणून उभा आहे तो रुग्णाचा चिडलेला नातेवाईक, आणि गुन्हा नोंदवणार पोलीस. दबाव आणणारा पोलीसच असेल, तर डॉक्टरनं कुठलं दार वाजवायचं? २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती मागतो. छळणारा दुसऱ्या खात्याचा असला तरी बाईच्या आपल्या कार्यालयातली समिती त्याची चौकशी करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. समित्यांच्या पाट्या भिंतीवर लागतात. त्या पाटीवरच्या अध्यक्षबाईंना आपण अध्यक्ष आहोत हे ठाऊक आहे का, एवढं विचारून बघा.

सांगली-मिरजेत कामगारांना अर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. एका कारखान्यातली बाई आली होती. सुपरवायझरनं हात पिरगाळला होता, मनगटावर नखांचे व्रण दिसत होते. अर्ज लिहिला. तिच्या साहेबांनी तो वाचला आणि त्याच सुपरवायझरला बोलावून त्याच्या हातात दिला. 'तुमच्या सेक्शनचं आहे, बघून घ्या.' तिनं पोच मागितली. 'पोच कसली मागता, हे काय कोर्ट आहे का?' आठवडाभरात शिफ्ट बदलली ती तिची, आणि तीही रात्रीची. सुपरवायझरनं हात पिरगाळला, साहेबानं तो कायमचा पिरगाळून ठेवला. मला या दोघांत फरक करता येत नाही.

हीच गत सगळीकडे. थकबाकीची वीज तोडायला गेलेला वायरमन मार खातो. वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या तलाठ्याच्या अंगावर तोच ट्रॅक्टर घातला जातो. एसटीचा कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कॉलरला धरला जातो. वरचे म्हणतात, थोडं सांभाळून घ्यायचं. आणि बीडहून आपल्या कारखान्यांचा ऊस तोडायला आलेली बाई? तिचं कामाचं ठिकाण म्हणजे फड आणि कोप. उचल मुकादमाकडून घेतलेली, त्यामुळं त्याच्याविरुद्ध तोंड उघडायची सोय नाही. तिच्यासाठी कायद्यानं जिल्ह्याची स्थानिक समिती ठेवली आहे. त्या समितीनं हंगामात किती फड पाहिले?

यावर ठरलेलं उत्तर येतं: खोट्या तक्रारी फार येतात. मग चौकशी करा! खऱ्याखोट्याचा निवाडा चौकशीनंच होतो. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूद २०१३ च्या कायद्यातच आहे. चौकशीला घाबरतो तो तक्रारदार नव्हे, साहेब घाबरतो.

काय करायचं ते अवघड नाही. प्रत्येक लेखी तक्रारीची तारखेसह पोच द्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या साखळीबाहेर ती चोवीस तासांत पोहोचवा. डॉक्टरची पोलिसांविरुद्धची तक्रार त्याच उपविभागात सडू देऊ नका. चौकशी संपेपर्यंत हलवायचं ते आरोप असलेल्याला, तक्रार करणारीला नव्हे. मार खाल्लेल्या माणसाला एकट्याला ठाण्यात पाठवू नका, फिर्याद संस्थेच्या प्रमुखानं द्यावी. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या महिला डॉक्टरच्या बलात्कार-खून प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं आपल्या रुग्णालयांच्या प्रमुखांना हल्ल्यानंतर सहा तासांत संस्थेतर्फे गुन्हा नोंदवायला सांगितलं. तोच नियम साताऱ्याच्या डेपोला, तासगावच्या तलाठ्याला आणि कुपवाडच्या कारखान्याला का नको?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाबणाऱ्याला शिक्षा. बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने तुरुंगवास आहे. म्हणजे तक्रार दाबणं हा गुन्हा आहे, हे तत्त्व कायद्यानं मान्य केलेलंच आहे. ते प्रत्येक खातेप्रमुखाला, प्रत्येक मालकाला लावा. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी जाहीर करावं: कुठल्या कार्यालयात किती तक्रारी आल्या, किती दिवसांत निकाल लागला, आणि ज्यांनी त्या बसवून ठेवल्या त्यांच्यावर काय कारवाई झाली. हा आकडा जाहीर करायची हिंमत नसेल, तर पुढच्या मृत्यूनंतर श्रद्धांजलीला येऊ नका.