दोन टायमिंगांची गल्लत

टायमिंग बेल्ट बदलल्यावर गाडी सुरू होते, परंतु चढावर पिकअप घेत नाही, उभी असता थरथरते, आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून दारात उभे राहते, ही तक्रार आमच्या व्यवसायबंधूंना नवीन नाही. आणि नवीन नाही म्हणूनच तिच्या निवारणाची जी एक वहिवाट आपल्या गॅरेजांतून रूढ झाली आहे, तिजविषयी स्पष्ट लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. वहिवाट अशी की, टायमिंग लाइट लावावा, डेल्कोचा बोल्ट सैल करावा, पुलीवरची खूण जागी येईपर्यंत डेल्को फिरवावा, आणि इंजिनाचा आवाज सुधारला की बॉनेट लावून गाडी बिनबोभाट ताब्यात द्यावी. मारुती 800 सारख्या ज्या इंजिनांत डेल्को कॅमशाफ्टच्याच टोकावरून चालतो, तेथे ही युक्ती विशेष फसवी ठरते. कारण बेल्ट एक दात चुकला म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप आणि ठिणगी ही दोन्ही बरोबरीने सरकतात, आणि डेल्को फिरवल्याने त्यांपैकी केवळ ठिणगी स्वस्थानी येते. व्हॉल्व्ह चुकलेलेच राहतात. नाहीसा होतो तो दोषाचा पुरावा.

एका दाताचा हिशेब किरकोळ नव्हे. क्रँकच्या चक्राला 20 दात धरले तर एक दात म्हणजे 18 अंश. कॅमने क्रँकच्या निम्म्या गतीने फिरावयाचे असल्यामुळे त्याचे चक्र 40 दातांचे, म्हणून तेथला एक दात कॅमचे 9 अंश, परंतु क्रँकच्या मापाने पुन्हा 18च. ठिणगीच्या पाच अंशांसाठी जो मिस्त्री तासभर कान लावून बसतो, त्यानेच व्हॉल्व्हचे 18 अंश नजरेआड करावेत, हे आश्चर्य आहे. याचे कारण बहुधा ऐतिहासिक असावे. बव्हेरियातील ग्लास कंपनीने आपल्या 1004 या मोटारीत 1962 च्या सुमारास दातेरी रबरी बेल्ट आणला; आपल्याकडे तो घरोघर पोहोचला मारुतीबरोबर, 1983 नंतर; आणि तोवर फियाट-अँबॅसेडरच्या साखळीवर हात बसलेल्या कारागिरांना टायमिंग म्हणजे डेल्कोच, अशी सवय जडून गेली होती.

या गल्लतीचा सर्वांत महाग परिणाम कॉम्प्रेशन तपासताना दिसतो. कॅम मागे पडला की इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आत घेतलेल्या हवेचा काही अंश परत बाहेर ढकलला जातो, आणि सर्व सिलिंडरांचे माप सारखेच उतरते. सर्व सिलिंडर सारखे कमी, सबब रिंगा गेल्या, असा निष्कर्ष काढून बेल्टसाठी आलेल्या मालकाच्या हाती बोअर-पिस्टनचे अंदाजपत्रक ठेवले जाते! सिलिंडरांत थोडे तेल सोडून पुन्हा माप घ्यावे. रिंगांचा दोष असेल तर ते चढते, टायमिंगचा असेल तर जवळजवळ जागचे हलत नाही. एकाच सिलिंडरचे माप शून्यावर आले, तर मात्र व्हॉल्व्ह वाकल्याची शंका घ्यावी.

व्हॅक्यूम गेजही येथे उत्तम साक्षीदार आहे, आणि तो अडगळीत पडून असावा याचा आम्हास खेद होतो. समुद्रसपाटीस निरोगी इंजिन आयडलिंगवर साधारण 17 ते 21 इंच दाखवते. उंचीच्या दर हजार फुटांस सुमारे एक इंच वजा करावा, म्हणजे पुण्यास जवळजवळ दोन आणि महाबळेश्वरास चारांहून थोडे अधिक. ही वजावट करूनही काटा बराच खाली, पण स्थिर राहिला, तर डेल्कोस हात न लावता प्रथम बेल्टचे कव्हर उतरवावे.

चूक घडते ती बहुधा खुणा जुळवताना नव्हे, तर त्यानंतर. क्रँक ज्या बाजूने बेल्ट ओढतो ती बाजू ताठ असावी व सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूस यावी; ओढीच्या बाजूस ढिलाई राहून टेन्शनर सोडला, की बेल्ट ताणला जाताना कॅम हलतो, आणि डोळ्यांदेखत जुळलेली खूण सरकून जाते. कित्येक इंजिनांत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅम बेल्ट काढताच आपोआप उसळतो, तेही ध्यानी ठेवावे. म्हणून पान्याने क्रँक, इंजिनाच्या स्वाभाविक दिशेने (होंडाच्या कित्येक जुन्या इंजिनांची दिशा उलट आहे!), दोन पूर्ण फेरे हाताने फिरवावा आणि मगच खुणांची खातरजमा करावी, खूण बाहेरच्या पुलीवरची नव्हे, आतल्या चक्रावरची पाहावी. फिरवताना कोठे अडल्यासारखे लागले, तर जोर न करता थांबावे. खुणा बिनचूक असूनही टायमिंग हुकत असेल, तर क्रँकच्या चक्राची चावी झिजली आहे काय, हे पाहण्यात हयगय करू नये.

नव्या गाड्यांत ठिणगीचा हुकूम क्रँकच्या सेन्सरवरून सुटतो, सबब तेथे डेल्को फिरवण्याची मुभाच उरलेली नाही. स्कॅनरवर क्रँक आणि कॅम यांचा मेळ नसल्याचा कोड आला, तर सेन्सर बदलण्यापूर्वी कव्हर उतरवून पाहावे.

या तपासणीस अर्धा तास जातो, आणि बेल्टच्या ठोक मजुरीत तो धरलेला नसतो, हे आम्ही जाणतो. आमची सूचना अशी की, बिलात ‘टायमिंग पडताळणी’ ही बाब स्वतंत्र लिहावी, तिचे दाम मोकळेपणाने मागावे, आणि जॉब कार्डावर बेल्टची तारीख व किलोमीटर यांच्या शेजारी कॉम्प्रेशनची मापे व डेल्कोची मूळ जागा नोंदवावी.