नकाशा कोणाचा, गुत्ता कोणाचा?

दिवाळी सरते, सोयाबीनची रास होते आणि देवणीच्या गल्ल्यांतून वाळूचे व विटांचे ढीग दिसू लागतात. कोणी माळवद उतरवून स्लॅब टाकतो. कोणी ओसरी बंद करून सुनेसाठी खोली काढतो. कोणी म्हाताऱ्या आईला रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून घरातच संडास-न्हाणी करून घेतो. या कामासाठी लागणारा पैसा आपल्या घरात वारंवार येत नाही. निवृत्तीची रक्कम, पतपेढीचे कर्ज, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाची चार-पाच वर्षांची बचत असा तो पैसा असतो. म्हणून काम काढण्याआधी एका प्रश्नाचा घरात बसून नीट विचार झाला पाहिजे.

प्रश्न असा. नकाशा व अंदाजपत्रक एका स्वतंत्र इंजिनिअरकडून किंवा आर्किटेक्टकडून करून घ्यावे आणि बांधकाम दुसऱ्याला द्यावे? की नकाशापासून रंगापर्यंत सारे काम मटेरियलसहित एकाच गुत्तेदाराच्या हाती सोपवावे? मोठ्या शहरांत दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या आहेत. घराचे चित्र दाखवायचे, भाव सांगायचा आणि शेवटी चावी हातात द्यायची, असे त्यांचे काम असते. आपल्याकडे तेच काम ‘उक्ते’ घेणारा गुत्तेदार करतो. नाव निराळे असले तरी व्यवहार एकच आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांचा जीव भूकंपाने घेतला म्हणतात, पण खरे तर घरांनी घेतला. दगडाच्या जाड भिंती दोन तोंडी रचलेल्या, मधे माती व बारीक दगडांची भर, दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड कुठेच नाही, आणि वर फूट-दीड फूट किंवा त्याहून जास्त मातीचे माळवद. हादरा बसताच भिंतीची तोंडे सुटली आणि वरचा भार खाली आला. हीच रचना आपल्या भागातील कितीतरी जुन्या घरांत आजही आहे. अशा घरात भिंत फोडून दार काढणे किंवा वर मजला चढवणे हे नुसत्या सोयीचे काम नाही. ते जिवाशी जोडलेले काम आहे.

भूकंपानंतर १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यात आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहायला मिळतात. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तिथली घरे बहुतांशी गुत्तेदारांनी व दानशूर संस्थांनी बांधून दिली. नकाशा ठरलेला, घर तयार. काम झपाट्याने झाले व हजारोंना पक्के छप्पर मिळाले. परंतु जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, अंगणात बसायचे कुठे, हे नकाशा काढणाऱ्याने घरवाल्याला पुरेसे विचारलेच नाही, ही तक्रार पुढे अनेक वर्षे ऐकू आली.

दुसरीकडे, कमी नुकसान झालेल्या गावांत सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले गेले. इथे घरमालक स्वतःच काम करवून घेणारा होता. गवंडी तो ठरवी, माल तो आणी. शासनाचा कनिष्ठ अभियंता सल्ला देई व काम तपासी. पैसा हप्त्याहप्त्याने मिळे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी महिला संवाद सहायक नेमल्या गेल्या. त्या घरोघर जाऊन बायकांना कार्यक्रमाची माहिती देत, मजबुतीचे उपाय समजावून सांगत. अनेक कुटुंबांचा जुन्या दगडी भिंतीवरचा विश्वासच उडाला होता. त्यांनी जुने घर दुरुस्त करण्याऐवजी त्याच पैशात एक नवी भक्कम खोली बांधली. ती निवड योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल, पण ती त्यांची स्वतःची निवड होती.

या दोन अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. काम कोणीही करो, काम तपासणारा माणूस काम करणाऱ्यापेक्षा वेगळा असला पाहिजे. सगळी गोम इथेच आहे.

एक साधा हिशेब पाहा. स्लॅबमध्ये सळई सहा-सहा इंचांवर टाकायची असे नकाशात आहे. बारा फुटांत २४ अंतरे पडतात. तीच सळई आठ-आठ इंचांवर टाकली तर १८ अंतरे पडतात. म्हणजे त्या दिशेचे लोखंड चौथाईने वाचले. कोणाचे वाचले? काम उक्ते असेल तर गुत्तेदाराचे. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले की सळई झाकली जाते आणि मग ती जन्मभर कोणाला दिसत नाही. पायाची खोली, जोत्याखालचा भराव, बीममधल्या रिंगा यांचेही तसेच. रंग, फरशी, दाराची नक्षी डोळ्यांना दिसते म्हणून त्यात फसवणूक कमी होते. जे झाकले जाते तिथेच डोळे हवेत. गुत्तेदार प्रामाणिक नसतोच असे मुळीच नाही. आपल्या गावचे कितीतरी मिस्त्री शब्दाला जागणारे आहेत. पण नफाही त्याचा आणि तपासणीही त्याचीच, अशी व्यवस्था चांगल्या माणसालाही मोहात पाडते.

आता स्वतंत्र इंजिनिअरची बाजू पाहू. तो मोजमाप घेतो, नकाशा काढतो, सळईचा तक्ता देतो, अंदाजपत्रक करतो. हे अंदाजपत्रक हाती असले की तीन गुत्तेदारांना एकाच कामाचा भाव विचारता येतो. एरवी एक सांगतो साडेपाच लाख, दुसरा सात लाख, आणि कोणाच्या भावात काय धरले आहे हे कळतच नाही. शिवाय आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा उथळ पाया भिंतींना चिरा पाडतो. पाया किती खोल घ्यायचा, जुन्या भिंतीला नवी खोली कशी जोडायची, हे माती पाहून व भिंत पाहूनच ठरवावे लागते.

या पद्धतीतही अडचणी आहेत. फी निराळी द्यावी लागते. इंजिनिअर लातूरला किंवा उदगीरला बसणारा असला तर वेळेवर येत नाही. काही बिघडले की गुत्तेदार म्हणतो नकाशा चुकला आणि इंजिनिअर म्हणतो काम चुकले. मधल्या मधे घरवाला भरडला जातो.

एकाच हाती काम देण्याचा फायदा नेमका हाच आहे. जबाबदारी एकाची, जाब एकाला. घरात काम पाहणारे कोणी नसेल, मुले परगावी असतील, तर सिमेंट आणा, वाळू आणा, मजूर आला का पाहा, ही धावपळ वृद्ध माणसांना झेपत नाही. भाव आधी ठरतो आणि काम सहसा लवकर उरकते. तेव्हा ही पद्धत सरसकट वाईट ठरवणे बरोबर नाही.

मग निवड कशी करावी? आमच्या मते कामाचा प्रकार पाहून. फरशी बदलणे, गिलावा, रंग, ओटा, कपाटे, नळाची वा विजेची दुरुस्ती एवढेच काम असेल तर एका चांगल्या माणसाच्या हाती द्यावे. त्यासाठी इंजिनिअरच्या फीचा भार नको. परंतु भिंत पाडणे, भिंतीत नवे दार काढणे, माळवद उतरवून स्लॅब टाकणे, वर मजला चढवणे यांपैकी एकही गोष्ट असेल तर स्वतंत्र इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय कुदळ मारू नये. मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर स्लॅबचा भार टाकण्याचा विचार तर स्वतःच्या बळावर करूच नये.

मधला मार्गही आहे. बांधकाम एकाच गुत्तेदाराला द्या, पण तपासणीसाठी एक इंजिनिअर आपल्या पैशाने ठरवा. त्याने रोज यायची गरज नाही. पाया खोदून झाल्यावर, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर काँक्रीट टाकण्याआधी, आणि शेवटचे बिल देण्यापूर्वी अशा तीन फेऱ्यांची फी आधीच ठरवावी. समजा सहा लाखांच्या कामात यासाठी पंधरा-वीस हजार गेले, तरी ते वाया गेले असे समजू नये. हा इंजिनिअर गुत्तेदाराने आणलेला नसावा. आर्किटेक्ट नेमत असाल तर त्यांचा नोंदणी क्रमांक विचारा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही.

करार कागदावर करावा. भावकीतला माणूस आहे, कागद कशाला, असे म्हणू नये. नाते टिकवायचे असेल तर कागद हवाच. त्यात कामाची यादी, सिमेंट व सळईचा प्रकार, मिश्रणाचे प्रमाण, जादा कामाचा दर आणि मुदत लिहावी. पैसा कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावा, सणावाराला उचल म्हणून देऊ नये. रमाई आवास योजनेच्या घरकुलातही हप्ता बांधकामाच्या टप्प्याला बांधलेला असतो. शासन जी काळजी घेते ती आपण आपल्या पैशाची का घेऊ नये? थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. गळती पावसातच कळते. नगरपंचायतीची परवानगी कोणी काढायची हेही लिहावे. स्लॅबला निदान दहा दिवस पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची हेही लिहावे. २०१६ साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात भर उन्हाळ्यात स्लॅब टाकणे शक्यतो टाळलेलेच बरे.

एवढे करूनही फसवणूक झाली तर हात जोडून बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ धरली आहे. दोन वर्षांच्या आत लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र तिथे पावती आणि करार बोलतात, तोंडी शब्द बोलत नाही.

शेवटी एक आठवण द्यावीशी वाटते. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाबासाहेबांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. ते बांधताना त्यांच्या मनात सर्वांत आधी जागा होती ती ग्रंथांची. घर कशासाठी हवे हे मालकाने आधी ठरवले आणि त्याप्रमाणे घर उभे राहिले. आपले घर दोन खोल्यांचे असेल, पण हा क्रम आपल्यालाही पाळता येतो. इंजिनिअरकडे किंवा गुत्तेदाराकडे जाण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसावे. मुलीला अभ्यासाला उजेडाची जागा कुठे हवी, आजीला न्हाणीत आधाराला काय हवे, स्वयंपाक करणारीला धूर कुठून जायला हवा, हे एका वहीत लिहून काढावे. विशेषतः घरातील स्त्रियांना विचारावे, कारण घराचा दिवसभराचा वापर त्यांनाच ठाऊक असतो. ती वही म्हणजे आपल्या घराचा पहिला नकाशा. पुढचा नकाशा कोणीही काढो आणि गुत्ता कोणीही घेवो, त्याला ती वही आधी वाचायला द्यावी.