नास्तिकांचा चहा

मी राहतो ते गाव इंग्लंडच्या मिडलँड्समधलं, लेस्टरपासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथे महिन्यातून एका संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं जमतात. जागा म्हणजे क्वेकर पंथाच्या प्रार्थनागृहातली भाड्याची खोली. देव न मानणारे लोक देव मानणाऱ्यांकडून खोली भाड्याने घेतात आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नाही, इथपासूनच गंमत आहे. हा आमचा ह्युमॅनिस्ट गट. मराठीत मानवतावादी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यामुळे हा शब्द तुम्हाला नवा नसणार.

कार्यक्रम साधा असतो. पाऊण तास व्याख्यान, मग चहा-बिस्किटं, मग प्रश्नोत्तरं. विषय इच्छामरणापासून मेंदू आणि स्मरणशक्तीपर्यंत काहीही. एकदा तर स्थलांतर करणारे पक्षी होते. नियम एकच, प्रश्न विचारणाऱ्याने प्रश्नच विचारायचा, स्वतःचं भाषण ठोकायचं नाही. (हा नियम आपल्याकडे आणला तर निम्मी व्याख्यानं वेळेत संपतील!)

या मंडळींची परंपरा जुनी आहे. लेस्टरला हंबरस्टोन गेटवर १८८१ साली उघडलेला सेक्युलर हॉल आजही उभा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर पाच अर्धपुतळे आहेत: सॉक्रेटिस, व्हॉल्टेअर, टॉमस पेन, रॉबर्ट ओवेन आणि चक्क येशू ख्रिस्त. देवाचा मुलगा म्हणून नव्हे, माणूस म्हणून. त्यावरून तेव्हा गदारोळ झाला होता. 'सेक्युलॅरिझम' हा शब्द घडवणाऱ्या जॉर्ज होलिओकला १८४२ साली धर्मनिंदेसाठी सहा महिने तुरुंगात काढावे लागले. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली खासदार म्हणून निवडून आला, पण शपथेच्या वादापायी १८८६ पर्यंत त्याला आपल्या जागेवर धड बसू दिलं नाही. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला हजर होता. म्हणजे आपलं आणि यांचं नातं तसं जुनंच.

पण आज? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं. २००१ मध्ये हा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास होता. नास्तिक असण्याबद्दल इथे कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही. मग पावसात, थंडीत ही माणसं कशासाठी जमतात? सुरुवातीला मला वाटायचं, वाद घालायला. मीही त्यासाठीच गेलो होतो. आगरकर वाचून वाढलेला इंजिनिअर मी, देव नाही हे सिद्ध करण्यात कॉलेजची चार वर्षं घालवलेली.

उत्तर मिळालं ते एका अंत्यविधीत. गटातले एक निवृत्त इंजिनिअर गेले. दर महिन्याला खुर्च्या लावायचं काम त्यांचं. स्मशानगृहात ना पाद्री, ना प्रार्थना. विधी चालवणाऱ्या बाईंनी आधी दोन वेळा घरी जाऊन बायको-मुलांशी तासन्‌तास बोलणं केलं होतं. त्यांनी त्या माणसाचं आयुष्य सांगितलं, त्यातले हट्ट आणि चुकासुद्धा. नातीने आजोबांच्या हत्यारांच्या पेटीबद्दल चार वाक्यं वाचली. मग दोन मिनिटं शांतता. "ज्यांना प्रार्थना करायची असेल त्यांनी मनात करावी," असं बाई म्हणाल्या. आणि शेवटी त्यांच्या आवडीचं जॅझ.

मी बाहेर आलो आणि गाडीत बसून रडलो. त्या गृहस्थांसाठी नव्हे, खरं सांगायचं तर आबांसाठी.

माझे वडील, आबा, साताऱ्यात वारले. पक्के बुद्धिवादी. देहदानाचा फॉर्म कपाटात, आणि दहावं-तेरावं करायचं नाही ही ताकीद. देहदान काही तासांत व्हावं लागतं, त्यामुळे मी विमानात असतानाच मेडिकल कॉलेजची गाडी येऊन गेली होती. सह्या झाल्या, दार बंद झालं, संपलं. मी पोचलो तेव्हा आई ओसरीवर बसून होती. लोक येत, पाच मिनिटं बसत, काय बोलावं ते न कळून उठत. दहाव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "अरे, मग आज काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काय करायचं नाही याची यादी आमच्याकडे तयार होती. काय करायचं याचा विचार कुणी केलाच नव्हता. थोरली काकू हळूच म्हणाली, "भटजींना बोलावलं असतं तर निदान चार माणसं तरी जमली असती." मी तिच्यावर चिडलो. आज वाटतं, काकूचं बरोबर होतं. भटजींबद्दल नव्हे, चार माणसांबद्दल.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडच्या बुद्धिवादाने माणसाच्या हातून कर्मकांड काढून घेतलं, ते योग्यच केलं, पण तो हात बहुतेक वेळा रिकामा ठेवला. हे जोतीरावांना कळलं होतं. १८७३ साली सत्यशोधक समाज काढल्यावर ते नुसते भटजींवर टीका करून थांबले नाहीत, भटजींशिवाय लग्नं लावायची पद्धतच त्यांनी घालून दिली. अंनिसचे कार्यकर्तेही तशी लग्नं लावतात. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यानंतरही ही माणसं कामाला लागलेली राहिली, त्यांच्यापुढे इथे बसून शहाणपणा सांगायचा मला अधिकार नाही. पण आपण बाकीचे, घरात बसून 'मी काही मानत नाही' म्हणणारे, आपण काय करतो?

कुणी म्हणेल, हा तर नवा धर्मच झाला! मला तसं वाटत नाही. इथे कुणाला पुन्हा यायची सक्ती नाही, न आल्यास पाप नाही आणि विधीतला एकही शब्द पवित्र नाही. उद्या बदलता येतो.

आमचा गट आदर्श आहे असंही नाही. बहुतेक डोकी पांढरी, आणि चेहरेही. लेस्टरच्या आसपास इतके भारतीय, पण खोलीत मी धरून दोन. मी मराठी मित्रांना बोलावून पाहिलं. एक म्हणाला, "तिथे येऊन काय करू? गणपतीत निदान पोरांना पोरं भेटतात." त्याला काय बोलणार? गणपतीच्या मंडपात खुर्च्या लावायला मीही असतोच की.

पुढच्या वर्षी आबांच्या स्मृतिदिनाला मी रजा टाकून घरी गेलो. शाळेतले त्यांचे सहकारी, दोन विद्यार्थी, शेजारी आणि थोरली काकू, अशी वीसेक माणसं ओसरीवर बसली. प्रत्येकाने एकच आठवण सांगायची, एवढंच ठरलं होतं. शेवटी आई बोलली. चार माणसांत इतका वेळ बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मग चहा झाला. काकू दोन तास हलली नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली, म्हणजे व्याख्यानं आपल्याला कुणी शिकवायला नकोत. तुमच्या गावात वाचनालय असेल, त्याची एखादी खोली महिन्यातून एक संध्याकाळ मिळेल. व्याख्यान ठेवा. पण ते संपल्यावर लगेच चपला शोधू नका. चहा ठेवा, एकमेकांच्या घरचं विचारा आणि कुणाच्या घरी कुणी गेलं तर कोण बोलायचं, कोण खुर्च्या लावायच्या, हे आधीच ठरवून ठेवा.