मालमोटारीचे ब्रेक आणि रस्त्यावरचें मीठ

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा कॅनडांत मालमोटार हांकतो, ही गोष्ट वहिनींनीं पुण्यांतील आप्तांना पहिलीं दोन वर्षें सांगितली नव्हती. ‘वाहतुकीच्या व्यवसायांत आहे,’ एवढेंच त्या म्हणत. आणि ऐकणारा आपल्या मनांत एक कचेरी, तींत एक टेबल व टेबलामागें आमचा पुतण्या अशी मांडणी करून घेई. चार पिढ्या शाळांत आणि कचेऱ्यांत घालविलेल्या घराला हें अवघड वाटलें यांत नवल नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत त्याच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला. तेथें पहाटेच्या काळोखांत मीं जें पाहिलें तें या सदराच्या वाचकांना सांगावेंसें वाटतें.

तो ऑन्टारिओ प्रांतांतील लंडन गांवीं राहतो. हें लंडन विलायतेंतलें नव्हे, जरी तेथील नदीलाहि वसाहतवाल्यांनीं हौसेनें टेम्स हेंच नांव दिलेलें आहे. तेथून पश्चिमेस सुमारें १०० किलोमीटरांवर सार्निया, आणि सार्नियाचा पूल ओलांडला कीं अमेरिकेंतील पोर्ट ह्यूरॉन. हा त्याचा नित्याचा रस्ता. उत्तरेस ह्यूरॉन सरोवर आहे. त्याच्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून अतिथंड वारा वाहिला कीं तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आल्यावर तिचें बर्फ करून ओततो. २०१० च्या डिसेंबरांत या ४०२ क्रमांकाच्या मार्गावर शेंकडों माणसें आपापल्या गाड्यांतच अडकून पडलीं होतीं.

माझी समजूत अशी होती कीं, बर्फाळ मुलखांत मोटारीला भय तें घसरण्याचें. पुतण्या म्हणाला, “तें आहेच, काका. पण घसरण डोळ्यांना दिसते. ब्रेक खाणारें मीठ दिसत नाहीं.”

आपल्याकडे पॉटमध्यें आइस्क्रीम करतांना बर्फांत खडेमीठ कां घालतात, हें घरांतल्या मुलांना विचारून पाहावें. मिठामुळें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो. शून्य अंशावर गोठणारें पाणी पुरेसें मीठ मिसळलें असतां उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहूं शकतें. रस्त्यावरचें बर्फ काढण्याची युक्ति हीच. त्या प्रांताला मिठाची वाण नाहीं. गॉडरिच गांवीं १८६६ सालीं तेलासाठीं भोंक पाडीत असतां मीठ लागलें, आणि आज तेथें ह्यूरॉन सरोवराच्या तळाखालीं सुमारें १८०० फूट खोल अशी प्रचंड खाण आहे. परंतु साधें मीठ उणे १० अंशांच्या खालीं मंदावतें. म्हणून त्याच्या जोडीला मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे क्लोराइड क्षार द्रवरूपानें फवारतात. हे क्षार हवेंतली ओल ओढून घेतात. रस्ता कोरडा दिसूं लागला तरी गाडीच्या पोटाखालीं चिकटलेला हा लेप ओलाच राहतो, आणि लोखंड दिवसरात्र गंजत राहतें.

आतां ब्रेकची रचना. मोठ्या मालमोटारीचा ब्रेक हवेनें चालतो. यंत्राच्या जोरावर टाक्यांत दर चौरस इंचास सुमारें १२० पौंड दाबाची हवा भरलेली असते. पाय दाबला कीं ती चाकाजवळच्या डब्यांत शिरते, तेथील रबरी पडद्याला रेटते, पडदा एक दांडी पुढें ढकलतो, आणि ती दांडी एका तरफेच्या योगानें इंग्रजी एस् अक्षराच्या आकाराचें डोकें असलेला दांडा फिरविते. त्यामुळें दोन अर्धवर्तुळाकार पोलादी शू फांकतात व त्यांवर बसविलेले जाड लायनर फिरत्या ड्रमला आंतून घांसतात. झीज व्हावयाची ती लायनरची.

पण हवा निघून गेली तर? हा प्रश्न रेल्वेवाल्यांना फार पूर्वीं पडला होता. वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं काढलेल्या पहिल्या हवेच्या ब्रेकमध्यें नळी फुटली कीं ब्रेकच नाहींसा होई. १८७२ मध्यें त्यानें योजना उलटी केली, म्हणजे हवा गेली कीं ब्रेक आपोआप लागावा. मालमोटारींतहि तत्त्व तेंच आहे, साधन मात्र निराळें. मागच्या डब्यांत एक दणकट स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. हवा असेपर्यंत ती दबून राहते. हवा संपली कीं उसळून चाक धरते. गाडी उभी करतांना हाच ब्रेक लावतात.

जानेवारींतील एका पहाटे साडेचार वाजतां मी त्याच्याबरोबर गाड्यांच्या आवारांत गेलों. पारा उणे १४. त्या प्रांतांत गाडीची तपासणी केल्यावांचून मालमोटार रस्त्यावर नेतां येत नाहीं, व एकदां केलेली तपासणी २४ तासच चालते. त्यानें प्रथम चाकांना ठोकळे लावले. मग टाक्यांच्या तळाच्या दोऱ्या ओढून साचलेलें पाणी सोडलें. दाबलेल्या हवेंतून पाणी सुटतें. तें थंडींत नळ्यांत गोठलें तर पाय दाबूनहि चाकापर्यंत हवा जात नाहीं. कित्येक जण भीतीनें टाकींत मद्यार्क ओततात. त्यानें रबराचीं बूच व हवा सुकविणारें यंत्र खराब होतें असें त्याचें म्हणणें, आणि यंत्र करणारेहि तेंच सांगतात.

मग उभ्या गाडीचा स्प्रिंग ब्रेक सोडला, आणि येथें एका चाकानें हट्ट धरला. चिखलबर्फांतून तापलेल्या ब्रेकनिशीं आलेली गाडी रात्रीं तशीच उभी केली कीं ओले लायनर ड्रमला गोठून चिकटतात. चालक न पाहतां निघाला तर तें चाक फिरत नाहीं, बर्फावरून नुसतें फरफटत जातें, आणि कोरडा रस्ता लागला कीं टायर एका जागीं झिजून सपाट होतो. म्हणून निघतांना मागची सर्व चाकें फिरत आहेत कीं नाहींत हें आरशांत पाहावयाचें, आणि उभें करण्यापूर्वीं दोनचार वेळां हलका ब्रेक लावून लायनर सुकवावयाचे. त्या दिवशीं गाडी हळूच मागेंपुढें करतांच बर्फ सुटलें.

खरें काम पुढेंच होतें. गाडीखालीं गोणपाट टाकून तो आडवा झाला, आणि प्रत्येक डब्याच्या दांडीवर डब्याच्या तोंडाशीं त्यानें खडूची खूण केली. टाकीचा दाब ९० ते १०० पौंडांच्या दरम्यान ठेवून, मला चालकाच्या जागीं बसवून ब्रेक पूर्ण दाबावयास सांगितलें व दांडी किती बाहेर आली तें मोजलें. तीस क्रमांकाच्या साध्या डब्याला २ इंचांपर्यंत चालतें. लांब पल्ल्याच्या डब्याला २॥ इंच. दांडी याहून पुढें आली तर पडदा आपल्या डब्याच्या टोकाशीं पोंचूं लागतो, आणि उतारावर ड्रम तापून फुगला म्हणजे शू ड्रमपर्यंत जोरानें पोंचतच नाहींत. पाय तेवढाच दाबला जातो, आवाजहि तसाच होतो, पण चाक धरलें जात नाहीं.

मागच्या गाडीच्या शेवटच्या आंसावर डावी दांडी २ इंच व एक अष्टमांश भरली. डबा साधा होता. मग त्यानें विजेरी घेऊन उजव्या चाकाचा लायनर पाहिला. लायनर चांगला जाड होता, अर्ध्या इंचाहून अधिक. अमेरिकेचा नियम मागच्या आंसांवर पाव इंचाहून कमी नसावा असा आहे; तेव्हां वरवर पाहतां कांहींच तक्रार नव्हती. परंतु रिव्हेटांच्या ओळीवरून एक बारीक भेग गेली होती, आणि भेगेखालीं लायनर व पोलाद यांच्यामध्यें तपकिरी पूड भरलेली दिसत होती.

ही गंजाची करामत मुंबईच्या समुद्रकाठीं राहणाऱ्यांना सांगावयास नको. गॅलरीच्या स्लॅबमधील लोखंडी सळई गंजली कीं तिच्यावरचें सिमेंट फुगून पडतें, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षां बरीच अधिक जागा लागते. शूच्या पोलादावर लायनरखालीं गंज धरला कीं तो लायनरला खालून उचलतो. रिव्हेट त्याला खालीं ओढून धरतात. या ओढाताणींत तो ठिसूळ पदार्थ तडकतो. मग एखाद्या दिवशीं जोराचा ब्रेक लागला कीं त्याचा तुकडा सुटून येतो. म्हणून नुसती जाडी मोजणारा माणूस या दुखण्यांत फसतो.

पुतण्यानें कंपनीच्या कचेरींत फोन केला. कोणती कंपनी हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पलीकडचा मनुष्य उद्धट नव्हता. माल सकाळीं दहाला पलीकडे पोंचावयाचा होता, एवढीच त्याची चिंता. तो म्हणाला, लायनर पाव इंचाहून पुष्कळ जाड आहे. दांडीचें म्हणशील तर पाना लावून आवळून घे आणि नीघ.

येथें थोडें थांबलें पाहिजे. झीज होईल तशी दांडीची चाल आपोआप कमी करणारी तरफ अमेरिकेंत १९९४ पासून नव्या हवेच्या ब्रेकांवर सक्तीची झाली. ती असूनहि चाल वाढली, तर त्याचा अर्थ ब्रेकचा कोणतातरी दुसरा भाग बिघडला आहे. पान्यानें आवळलें कीं माप तेवढें बरोबर येतें आणि बिघाड झांकला जातो. २००३ सालीं पेनसिल्व्हेनियांतील ग्लेन रॉक येथें एक मालमोटार उताराला आवरली नाहीं. चौकशींत हेंच निघालें कीं, मूळ दोष न शोधतां आपोआप जुळणाऱ्या तरफा हातानें जुळविल्या गेल्या होत्या. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवून त्याला शाळेंत धाडण्यासारखें हें आहे.

पुतण्याला मजुरी मैलावर मिळते; चाक फिरलें नाहीं तर त्या दिवसाचा पैसा नाहीं. तो फोनवर इतकेंच म्हणाला, “ही मागची गाडी मी नेणार नाहीं. कागदावर दोष लिहिला आहे.” कागदावर दोष लिहिला गेला म्हणजे तो पुसून टाकणें कोणालाहि सोपें नसतें. माल अर्ध्या तासांत दुसऱ्या चालकाच्या गाडींत चढला.

दुरुस्ती मीं आवाराशेजारच्या ऊबदार शेडमध्यें बसून पाहिली. तेथला कारागीर साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा. त्यानें सर्वांआधीं डब्याच्या स्प्रिंगला लांब बोल्ट घालून ती दाबून बांधून ठेवली. हें न करतां डबा उघडणारीं माणसें स्प्रिंग उसळून प्राणास मुकलेलीं आहेत. घरच्या घरीं करण्याचें हें काम नव्हे. चाकें व ड्रम निघाले. पूड उडूं नये म्हणून सर्व भाग ओले करून पुसले, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. ड्रमचा व्यास मूळचा १६॥ इंच. त्याची शेवटची मर्यादा १६.६२ इंच ही ड्रमवरच ओतलेली असते. आंत उष्णतेच्या बारीक रेघा होत्या, पण आरपार भेग नव्हती, म्हणून ड्रम ठेवले.

डाव्या बाजूचें कोडेंहि सुटलें. एस् डोक्याच्या दांड्याचा धारवा, म्हणजे ज्यांत तो फिरतो ती पितळी नळी, मिठानें वंगण धुऊन गेल्यामुळें झिजून सैल झाली होती. दांडा फिरण्याऐवजीं आधीं बाजूला सरकत होता. पाना लावून ही नळी कशी बरी झाली असती?

शू दोन्ही बाजूंचे बदलले. एका चाकाचेच बदलले तर ब्रेक एकीकडे ओढतो, आणि निसरड्या रस्त्यावर तेवढी ओढ पुरे होते. स्प्रिंगा, रोलर, खिळे, धारवे, सर्व नवें घातलें. जुन्या गंजक्या शूवर नवा लायनर ठोकून देणारे स्वस्त दुकानदार असतात. पण पोलादाला लागलेल्या खळग्यांतून गंज पुन्हा तेथूनच उठतो, म्हणून कारागिरानें जाड लेप दिलेले नवे शू घेतले. वंगण भरलें, दांडीची चाल मोजली, चाकांचे नट मापाच्या पान्यानें क्रमानें आवळले. जुना शू त्यानें बाजूस ठेवून पटाशीनें लायनरला टोंचा दिला. हातभर लांबीचा लायनर दोन रिव्हेट सोडून वाळल्या सालीसारखा वर आला.

त्यांतला एक तुकडा मीं मागून घेतला.

संध्याकाळीं पुतण्या तीच गाडी रिकामी घेऊन सार्नियाकडे गेला. नवीं बसविलेलीं चाकें पहिल्या शंभरेक किलोमीटरांनंतर पुन्हा तपासावीं लागतात. पुलाअलीकडून त्याचा फोन आला, कीं नट ढिले नाहींत आणि ड्रम हाताला सारखेच कोमट लागतात.

पुण्यास परतल्यावर तो तुकडा मीं वहिनींच्या हातांत दिला व सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं तो उलटा करून गंजाची बाजू बराच वेळ पाहिली, पदरानें बोट पुसलें, आणि विचारलें, “मग त्या दिवसाचे पैसे त्याला कोणीच दिले नाहींत?”

नाहीं, असें मीं सांगितलें.