परडे लहानच असावे

नवे घर बांधले की पुढच्या अंगणात फरशी, कडेला क्रोटनच्या चार कुंड्या आणि जमलेच तर थोडी हिरवळ, एवढ्यालाच हल्ली बाग म्हणण्याची रीत पडली आहे. शोभेला माझी ना नाही. पण हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाणी लागते, ती कापावी लागते आणि तिच्यातून ताटात काही येत नाही. उलट काही हौशी मंडळी मृग लागताच गुंठाभर परडे खणतात. श्रावणात भेंडी-दोडक्यांची चंगळ होते आणि फेब्रुवारीत विहिरीचे पाणी खाली गेले की सगळे वाळून जाते. तोवर पाणी वाहते कोण? घरधनी शेतात, मुले शाळेत; घागर शेवटी घरच्या बाईच्याच कमरेवर येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कुटुंबाची बाग केवढी असावी हे जागेवरून न ठरवता घरातून वाया जाणाऱ्या पाण्यावरून ठरवावे.

पाच माणसांच्या घरात अंघोळीचे व भांड्यांचे मिळून दिवसाकाठी शंभर लिटर पाणी सहज गटारात जाते. मोरीच्या तोंडाशी तीन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा घ्यावा, तो पालापाचोळा व नारळाच्या सोडणांनी भरावा आणि कडेने केळीचे तीन कंद व थोडे अळू लावावे. वेगळी घागर ओतावी लागत नाही. धुण्याच्या सोड्याचे कडक पाणी मात्र रोज एकाच जागी सोडू नये, जमीन खारावते. कच्च्या खाण्याच्या कोथिंबिरीला वा मुळ्यालाही हे मोरीचे पाणी घालू नये. खड्ड्यावर पाणी तुंबता कामा नये. डेंग्यूचा डास घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून तयार होतो. तेव्हा पिंपाला झाकण घालणे व आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे करणे हेही बागेचेच काम समजावे.

बाकीच्या जागेत आधी टिकाऊ झाडे लावावीत: कढीपत्ता, लिंबू, मांडवावर तोंडली आणि एक शेवगा. पेरियाकुलमची 'पीकेएम-१' ही जात बी लावल्यापासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देते. शेंगा संपल्या की झाड तीन फुटांवर छाटावे, म्हणजे पाला हाताशी राहतो. 'दारात शेवगा नको' हे जुन्यांचे म्हणणे मला तरी ठिसूळ फांद्या व केसाळ अळ्यांमुळे पडलेले दिसते, भुताखेतांमुळे नव्हे.

या पाल्याकडे आपण शेळीचा चारा म्हणून पाहतो, हे मला खटकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शेवग्याच्या पाल्यात लोह आहे. भाजीवर लिंबू पिळले तर ते अंगी अधिक लागते, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. अर्थात भाजी हे औषध नव्हे. दम लागणाऱ्या, फिकट दिसणाऱ्या बाईचे रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत.

पालेभाजीला दहा फूट लांबीचे दोन वाफे पुरेत. रुंदी चार फुटांहून जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफा तुडवला जात नाही. खानापूरकडच्या पावसात वाफा अर्धा फूट उंच हवा, नाहीतर मुळे कुजतात. पाऊस ओसरला की वाळल्या पाल्याचा चार बोटे थर पसरावा. खुरपणी निम्म्यावर येते आणि ओल टिकते.

राहता राहिल्या कोंबड्या. फुकटच्या बियाण्याची पाकिटे घरोघर येतात, पण कुंपण नसले तर रोपे दुपारपर्यंत टिकत नाहीत. तेव्हा बियाण्याआधी कुंपण. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या की जगतात, त्यांचा पाला वाफ्यांवर खत म्हणून पडतो. तळाशी दोन फूट बांबूच्या कामट्या दाट बांधाव्यात.