उधारीवर चाललेले विज्ञान

ऑक्टोबर २०२४मध्ये बेंगळूरुतील झेरोधा या शेअर दलाली कंपनीने ‘फ्लॉस फंड’ नावाचा निधी जाहीर केला. जगभरातील मुक्तस्रोत प्रकल्पांना दरवर्षी एकूण १० लाख डॉलर; एकेका प्रकल्पाला १० हजारांपासून १ लाखापर्यंत. कंपनीचा डोलारा ज्या साधनांवर उभा आहे ती इतरांनी लिहून खुली केली आहेत, हे ऋण फेडले पाहिजे, एवढाच त्यामागचा साधा विचार. भारतीय विज्ञान संस्था, रामन संशोधन संस्था, आयसीटीएस आणि इस्रोचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तेथे या ऋणाचा उच्चार एका दलाली पेढीने करावा, ही गोष्ट वैज्ञानिकांना टोचायला हवी. संशोधन प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात उपकरणांचा रकाना असतो, प्रवासाचा असतो, ‘किरकोळ’ नावाचाही असतो. ज्या प्रणालींशिवाय एकही आलेख निघणार नाही त्यांच्या देखभालीचा मात्र सहसा नसतो.

याच कंपनीने ‘डंगबीटल’ नावाचे एक चिमुकले साधन खुले केले आहे. नाव शेणकिड्याचे, काम तितकेच अप्रतिष्ठित आणि तितकेच आवश्यक. असंख्य ग्राहक एकाच वेळी जुन्या व्यवहारांचे अहवाल मागू लागले की मोठा विदासाठा गुदमरतो. हे साधन मागण्या रांगेत लावते, सवडीने चालवते आणि प्रत्येक उत्तर वेगळ्या, लहान साठ्यात ठेवते. पुढची चाळणी, क्रमवारी, पाने उलटणे हे सारे त्या लहान प्रतीवर होते. मूळ साठ्याला पुन्हा हात लागत नाही. विदा लवकरात लवकर लहान करा, हे तत्त्व कणभौतिकीच्या शोधयंत्रांना किंवा रेडिओ दुर्बिणींना नवे नाही. तरीही कित्येक प्रयोगशाळांत ४० गिगाबाइटची फाइल १६ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकात एकदम ओतली जाते आणि तो कोसळला की नव्या संगणकाचा प्रस्ताव तयार होतो. ऑक ही भाषा १९७७पासून हेच काम ओळीमागून ओळ वाचत, मूठभर स्मृतीत करत आली आहे. तिच्या तीन निर्मात्यांपैकी एक, ब्रायन कर्निगन, यांनी २०२२मध्ये वयाच्या ८०व्या वर्षी मूळ ऑकमध्ये युनिकोडची सोय केली. तोवर त्या आवृत्तीच्या लेखी ‘क’ हे एक अक्षर तीन मोजले जात होते. देवनागरीची ही चूक निस्तरण्यासाठी कोणत्याही निविदेची वाट पाहावी लागली नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथमच थेट टिपली गेली. तिच्या विश्लेषणात नमपाय या संचाचा वापर झाला. नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ची. त्याला स्वतंत्र असे पहिले अर्थसाहाय्य मिळाले २०१७मध्ये. म्हणजे शतकातला एक मोठा शोध लागला तेव्हा त्याचे हे गणिती हत्यार सवड काढून काम करणाऱ्यांच्या जिवावर चालले होते. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटरच्या निर्वात नळ्यांची देखभाल कुणी सवडीने, विनामोबदला करावी असे सुचवले तर सुचवणाऱ्याला वेड्यात काढतील. त्या नळ्यांतून येणारी विदा वाचणाऱ्या प्रणालींबाबत मात्र तेच गृहीत धरले जाते.

फायरवॉलची कथा आणखी विचित्र आहे. हजार पत्ते अडवायचे तर हजार नियम एकाखाली एक लिहायचे आणि येणारे प्रत्येक पॅकेट त्या यादीशी वरपासून खाली ताडून पाहायचे, ही जुनी रीत. जानेवारी २०१४मध्ये लिनक्स ३.१३सोबत आलेल्या एनएफटेबल्समध्ये तेच पत्ते एका संचात ठेवता येतात. यादी कितीही वाढली तरी उत्तर जवळपास एकाच शोधात मिळते. हे ज्याला कळते असा एक माणूस नेमण्याऐवजी संस्था वर्षागणिक परवाना शुल्क मागणारी पेटी घेतात, आणि अशा अनेक पेट्यांच्या पोटात लिनक्स किंवा फ्रीबीएसडीच असते.

यावरचा ठरलेला आक्षेप असा, की फुकटच्या गोष्टीला जबाबदार कोण? आक्षेप पोकळ नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या दाब-साधनात पेरलेले चोरदार उघड झाले. एकटा, थकलेला देखभालकर्ता. त्याच्यावर अनोळखी लोकांचा दबाव. आणि ‘मदतीला’ आलेल्याच्या हाती सोपवलेल्या किल्ल्या. फायरवॉल येथे निरुपयोगी ठरली असती, कारण ते चोरदार एसएसएचच्या, म्हणजे संस्थेने सहकाऱ्यांसाठी स्वतःहून उघड्या ठेवलेल्या दारातच लपले होते. ते सापडले, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकला आणि मूळ संहिता सर्वांना खुली असल्याने त्याला मुळापर्यंत जाता आले. बंद पेटीत तो अर्धा सेकंद तक्रारवहीतच राहिला असता. जबाबदार माणूस हवा असेल तर त्याला पगार द्यावा लागतो. तो न देता जबाबदारीची विचारणा करणे ही निव्वळ मुजोरी आहे.

नियमांचा अडसरही नाही. केंद्र सरकारच्या २०१५च्या धोरणानुसार सरकारी खरेदीत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार व्हावा आणि तो वगळल्यास कारण द्यावे, असे अपेक्षित आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या खरेदी समित्यांनी अशी किती कारणे लिहून ठेवली आहेत, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. विद्यार्थ्यांनी ते विचारावे. आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक व मातापित्यांनंतर एक ओळ वापरलेल्या साधनांची, आवृत्ती क्रमांकासह, लिहावी. तिला कागदापलीकडे काही खर्च येत नाही.